‘ड्रिफ्ट अपार्ट’चा अर्थ आणि खोळंबलेले वाटणीपत्र : एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

हे प्रकरण बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्याच्या पश्चिम भागातील एका मराठी भाषक शेतकरी कुटुंबाचे आहे. ओळख पटू नये म्हणून गावाचे व व्यक्तींचे उल्लेख गाळले असून काही तपशील बदलले आहेत. वडिलोपार्जित भातशेती, थोडी माळजमीन आणि गावातील जुने घर दोन भावांच्या सामाईक नावावर होते. थोरले बंधू गावीच राहून शेती पाहत. धाकटे तरुणपणी बेळगावला आले, उद्यमबागेतील एका फौंड्रीत नोकरीला लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. वडील आधीच वारले होते, आईचे निधन नव्वदच्या दशकात झाले आणि भावांना बहीण नव्हती. दोघांचीही वये झाल्यामुळे पुढच्या पिढीत तंटा नको, आपल्या हयातीतच वाटणी करून टाकू, यावर त्यांचे एकमत होते. म्हणजे प्रकरण सुरू झाले तेव्हा भांडण कसलेच नव्हते.

या घरातील भाषांची स्थिती सीमाभागातील अनेक घरांसारखीच आहे. थोरल्यांचे शिक्षण गावच्या मराठी शाळेत झाले; त्यांना कन्नड बोलता येते, सरकारी कागद अडखळत का होईना वाचता येतो, इंग्रजी मात्र येत नाही. धाकट्यांना कारखान्यातील नोकरीमुळे तिन्ही भाषा कामापुरत्या येतात. त्यांची मुलगी इंग्रजी माध्यमात शिकली आणि बंगळूरला नोकरी करते. ती घरात मराठी बोलते, पण लिहायचे झाले की इंग्रजीकडेच वळते. वाटणीपत्र करणारे वकील कन्नड भाषक असून त्यांनी मसुद्यासाठी कुटुंबाची हकिगत इंग्रजीत लिहून मागितली. ते काम साहजिकच मुलीकडे आले. थोडक्यात, जे कुटुंब मराठीत जगले त्याची हकिगत इंग्रजीत लिहिली जाणार होती, तिच्यावरून कन्नडमध्ये दस्त होणार होता आणि त्यावर सही करणारा माणूस ती मराठीत समजून घेणार होता.

अडचण कशी उभी राहिली

मुलीने लिहिलेल्या दोन पानी टिपणात एक वाक्य होते : ‘इन द मिड-नाइन्टीज, आफ्टर आजी पास्ड अवे, द टू फॅमिलीज ड्रिफ्टेड अपार्ट.’ टिपणाची एक प्रत गावी पाठवण्यात आली. थोरल्यांच्या मुलाने ती मोबाईलवरील भाषांतराच्या अ‍ॅपमध्ये घातली आणि वडिलांना जे वाचून दाखवले ते असे : ‘नव्वदच्या दशकाच्या मध्यात, आजीच्या निधनानंतर, दोन्ही कुटुंबे वेगळी झाली.’

आपल्याकडे भावाभावांच्या संदर्भात ‘वेगळे होणे’ हे शब्द मोघम उरत नाहीत. वेगळे होणे म्हणजे चूल वेगळी होणे, धान्य वेगळे होणे, अखेरीस शेत वेगळे होणे. थोरल्यांनी तोच अर्थ घेतला आणि तो घेणे अगदी स्वाभाविक होते. त्यांचा पहिला प्रश्न होता : “वेगळी झाली म्हणजे कधी झाली? पंच कोण होते?”

या प्रश्नामागे आणखी एक गोष्ट होती. धाकट्यांनी बेळगावातील घर घेतले ते आईच्या निधनानंतर दोन-तीन वर्षांनी. त्या काळात गावाकडून त्यांच्याकडे तांदूळ जात होता आणि घरासाठी थोरल्यांनी काही रक्कमही दिली होती. वाटणी नव्वदच्या दशकाच्या मध्यातच झाली असे एकदा कागदावर आले, की नंतर घेतलेले घर धाकट्यांच्या एकट्याच्या कमाईचे ठरवणे सोपे जाईल, असा हिशेब थोरल्यांनी मांडला. हिंदू वारसा कायद्यातील २००५ च्या दुरुस्तीनंतर मुलीही जन्मतः सहदायाद, म्हणजे वडिलोपार्जित मालमत्तेच्या हक्कदार, ठरतात. त्यामुळे टिपण लिहिणारी पुतणी ही नुसती लेखनिक नसून तिचाही हितसंबंध आहे, हे त्यांच्या मुलाने त्यांच्या कानावर घातलेच होते. त्यांनी वकिलांकडे येणे थांबवले. दरम्यान वकिलांच्या कारकुनाने कन्नड कच्च्या मसुद्यात त्याच वाक्याच्या जागी ‘बेरेयादरु’ असे लिहिले होते, आणि कन्नडमध्येही भावांच्या बाबतीत या शब्दाची छटा आपल्या ‘वेगळे झाले’सारखीच आहे. थोरल्यांना ते कळल्यावर त्यांचा संशय पक्का झाला.

कायद्याच्या बाजूने पाहता ही भीती अगदीच पोकळ नव्हती. मिताक्षरा या हिंदू कायद्यातील पद्धतीत जमिनीचे प्रत्यक्ष तुकडे पडण्यापूर्वीही, एखाद्या सदस्याने विभक्त होण्याचा निःसंदिग्ध इरादा इतरांना कळवला, तर कुटुंबाची एकत्र स्थिती संपू शकते. नुसते वेगळे राहणे किंवा वेगळे जेवणे यावरून वाटणी सिद्ध होत नाही हेही तितकेच खरे. पण नोंदणी होणाऱ्या दस्तात ‘अमुक काळी वेगळे झालो’ असे दोघांच्या सहीने आले, तर पुढे कोणीतरी त्याचा आधार घेऊ शकला असता.

या टप्प्यावर धाकटे बंधू टिपणाचे मराठी भाषांतर नव्याने करून घेण्यासाठी माझ्याकडे आले. मी बेळगावात इंग्रजी-मराठी भाषांतराचे काम करतो आणि दोन्ही घरांशी माझा आधीचा संबंध नव्हता, हे थोरल्यांना पटल्यामुळे त्यांनीही संमती दिली.

शब्दप्रयोग नेमका काय सांगतो

‘ड्रिफ्ट’ म्हणजे स्वतः जोर न लावता प्रवाहाबरोबर किंवा वाऱ्याबरोबर सरकत जाणे. वल्ही न मारता वाहत चाललेली होडी आणि वाऱ्याने ढकललेले बर्फाचे ढीग या दोन्हींसाठी इंग्रजीत हाच शब्द आहे. त्याला ‘अपार्ट’ जोडले की दोन किंवा अधिक गोष्टींमधील अंतर वाढत जाण्याचा अर्थ येतो. या जोडक्रियापदाच्या अर्थात तीन गोष्टी एकत्र बांधलेल्या आहेत. एक, ही क्रिया हळूहळू होते. दोन, ती कोणी ठरवून केलेली नसते. तीन, एक जागेवर राहिला आणि दुसरा निघून गेला असे त्यात नसते. अंतर दोघांमध्ये पडते. यातील दुसरी गोष्ट या प्रकरणात सर्वांत महत्त्वाची होती. ‘हे कोणी केले?’ हा प्रश्न या क्रियापदाला विचारताच येत नाही, आणि थोरल्यांचा पंचांबद्दलचा प्रश्न नेमका तोच होता.

व्याकरणही याला दुजोरा देते. हे क्रियापद कर्म घेत नाही आणि त्याचा कर्मणी प्रयोग होत नाही. कर्ता बहुधा अनेकवचनी असतो. एकवचनी असेल तर ‘फ्रॉम’ लावून दुसरी बाजू सांगावी लागते. ‘फॉल आउट’मध्ये भांडण असते, ‘स्प्लिट अप’ आणि ‘ब्रेक अप’ यांत तोडण्याचा क्षण असतो, ‘ड्रिफ्ट अवे’मध्ये एक जण दूर जातो. सर्वांत जवळचे क्रियापद ‘ग्रो अपार्ट’ हे आहे, पण त्यात माणसांच्या आवडीनिवडी व स्वभाव वाढत्या वयात बदलल्याची छटा असते. मुलीला जे म्हणायचे होते त्यात स्वभाव बदलल्याचा भाग नव्हता.

भूगोलात हेच शब्द खंडांबद्दल वापरले जातात. आल्फ्रेड वेगेनर यांनी १९१२ मध्ये खंड एकमेकांपासून सरकत गेल्याचा सिद्धांत मांडला, तो आपल्या पाठ्यपुस्तकांत खंडवहन या नावाने येतो. ‘वहन’ या शब्दात वाहून नेले जाणे आहे, म्हणजे मूळ इंग्रजी चित्र मराठी परिभाषेने बरोबर पकडले आहे. गंमत अशी की वेगेनर यांच्यावरचा मुख्य आक्षेपच हा होता की खंड सरकवणारी शक्ती कोणती ते त्यांना पटेल असे सांगता आले नाही; ते उत्तर पुढे १९६० च्या दशकात भूपट्टांच्या अभ्यासातून मिळाले. कर्ता न सांगता आलेल्या सिद्धांताला कर्ता न सांगणारा शब्द मिळाला होता. अटलांटिक महासागर आजही वर्षाला काही सेंटिमीटर इतक्या गतीने रुंदावतो आहे, आणि ती रुंदी अमुक तारखेला पडली असे कोणी म्हणत नाही.

अ‍ॅपचे भाषांतर कुठे घसरले हे पाहू गेल्यास ‘वेगळी’ या शब्दापेक्षा ‘झाली’ हा शब्द अधिक दोषी आहे. इंग्रजीत ‘ड्रिफ्टेड’ हा साधा भूतकाळ आहे, पण क्रियापदाच्या अर्थातच लांबलेला काळ असल्यामुळे वाचणाऱ्याला तो जाणवतो. मराठीत ‘झाली’ म्हटले की घटना एका ठिकाणी पूर्ण होते. लांबलेला काळ दाखवण्यासाठी मराठीकडे वेगळी सोय आहे आणि ती नामात किंवा विशेषणात नसून सहायक क्रियापदात आहे : होत गेली, पडत गेले, कमी होत गेले. ‘हळूहळू’ हे क्रियाविशेषण या जागी पुरे पडत नाही, कारण ‘दोन्ही कुटुंबे हळूहळू वेगळी झाली’ याचा अर्थ आधी चूल आणि मग शेत अशी टप्प्याटप्प्याने झालेली वाटणी असाही घेता येतो. कन्नडमध्ये हीच रचना आहे. ‘बेरेयादरु’ आणि ‘दूरवागुत्ता होदरु’ यांतील फरक आपल्या ‘वेगळे झाले’ आणि ‘दूर होत गेले’ यांतील फरकाशी जुळतो. दोन भाषा शेजारी नांदल्याचा हा फायदा म्हणावा लागेल, कारण पुढे कारकुनाला हा मुद्दा समजावताना फार बोलावे लागले नाही.

‘मिड-नाइन्टीज’नेही घोळ वाढवला. इंग्रजीत असा ढोबळ काळ लिहिला जातो तो बहुधा नेमकी तारीख सांगता येत नाही म्हणूनच. मराठीत ‘नव्वदच्या दशकाच्या मध्यात’ हे ‘झाली’च्या आधी आले आणि तारीख टाळून सांगितलेली घटना असल्यासारखे वाटू लागले.

विचारात घेतलेले पर्याय

पहिला पर्याय होता वाक्य काढून टाकण्याचा. वकिलांचा कल तिकडेच होता, कारण दस्ताला त्या वाक्याची गरज नव्हती. पण थोरल्यांनी वाक्य एकदा ऐकलेले होते. ते गुपचूप नाहीसे झाले असते तर काहीतरी लपवले जात आहे असाच समज झाला असता.

दुसरा पर्याय ‘दोन्ही कुटुंबांत दुरावा आला’ असे लिहिण्याचा. इंग्रजी-मराठी शब्दकोश हाताशी घेतला की पहिल्यांदा हेच सुचते आणि वाक्य ऐकायलाही बरे वाटते. परंतु ‘दुरावा’ या शब्दात मनातली नाराजी असते. तो शब्द मी थोरल्यांपुढे चाचपून पाहिला तेव्हा त्यांचे उत्तर लगेच आले : “दुरावा कशाचा ओ सर? आमचं काही बिनसलं नव्हतं.” ‘संबंध तुटले’ हा पर्याय विचारात घेण्याजोगाच नव्हता. ‘कुटुंबे पांगली’ यात कोणाचा दोष येत नाही हे खरे, पण पांगणे म्हणजे माणसे निरनिराळ्या गावी जाणे, आणि इथे धाकटे तर आईच्या निधनापूर्वीच कितीतरी वर्षे बेळगावला होते.

‘दोन्ही कुटुंबांत अंतर पडत गेले’ हे मूळ अर्थाच्या सर्वांत जवळचे भाषांतर होते. त्यात माणसे कर्ता राहत नाहीत, ‘अंतर’ कर्ता होते, आणि दोष कोणाकडेच जात नाही. केवळ कथेचे किंवा पत्राचे भाषांतर असते तर मी इथेच थांबलो असतो. मात्र जमिनीच्या कागदात ‘अंतर’ म्हणजे कसले अंतर, हा प्रश्न पुन्हा उघडा राहिला असता.

शेवटचा पर्याय असा की शब्दप्रयोगाचे भाषांतर न करता त्यामागे जे घडले ते साध्या वाक्यात लिहायचे. यात भाषांतरकार आपली मर्यादा ओलांडतो का, हा प्रश्न होता. माझ्या मते लेखिकेला विचारून केले तर ओलांडत नाही.

प्रत्यक्ष कृती

म्हणून कोशापेक्षा आधी मुलीला फोन करणे योग्य वाटले. त्या वाक्याने तिला नेमके काय सांगायचे आहे, हा एवढाच प्रश्न तिला विचारला. तिने सांगितले की आजी असेपर्यंत गणपतीला आणि मे महिन्याच्या सुट्टीत सगळे गावी जमत. आजी गेल्यावर मुलांच्या परीक्षा, वडिलांच्या कारखान्यातील पाळ्या, अशा एकेका कारणाने जाणे कमी झाले. मोठ्या काकांशी कधी वाद झाला नाही, पण आता त्यांच्याशी काय बोलावे ते सुचत नाही. मोठ्या काकांनी या वाक्यावरून बैठकीला येणे थांबवले आहे, हे तिला कोणी सांगितलेच नव्हते.

दुसरा निर्णय थोरल्यांशी बोलण्याचा. ‘मोबाईलने चुकीचे सांगितले’ एवढे सांगून विषय मिटवणे शक्य होते, पण तसे केल्यास त्यांच्या मुलावर ठपका आला असता आणि माझा शब्द विरुद्ध यंत्राचा शब्द एवढाच वाद उरला असता. त्याऐवजी त्यांनी वाक्यातून काय घेतले ते आधी पूर्ण ऐकून घेतले. नंतर मूळ शब्दाचा अर्थ सांगताना, पावसाळ्यात मलप्रभेत एकाच ठिकाणी पडलेले दोन ओंडके वाहत वाहत निरनिराळ्या काठांना लागावेत तसे हे क्रियापद आहे, असे सांगितले. मुलीने फोनवर सांगितलेली हकिगत तिच्या परवानगीने त्यांना मराठीत वाचून दाखवली. थोरले बराच वेळ काही बोलले नाहीत आणि मग म्हणाले, “मग असं सरळ लिहायचं की ओ.”

तिसरा निर्णय मजकुराचा होता. वकिलांच्या सल्ल्याने दस्तात हे वाक्य घ्यायचे नाही, पण त्याच्या जागी स्पष्ट कलम घालायचे असे ठरले : या दस्तापूर्वी कुटुंबात तोंडी वा लेखी कोणतीही वाटणी झालेली नाही. टिपणात, म्हणजे घरच्यांनी वाचायच्या मराठी प्रतीत, असे वाक्य आले : ‘आईच्या निधनानंतर दोन्ही घरांचे एकमेकांकडे येणेजाणे कमी होत गेले, जमीन व गावचे घर मात्र एकत्रच राहिले.’ इंग्रजी टिपणातही मुलीने त्याच अर्थाचा बदल केला आणि कारकुनाने ‘बेरेयादरु’ काढले.

परिणाम

थोरले पुन्हा बैठकीला आले. सुगी आटोपल्यावर वाटणीपत्राची नोंदणी झाली आणि विहिरीजवळचे शेत त्यांच्याकडे आले. बेळगावातील घराचा प्रश्न मात्र शब्दाचा अर्थ कळल्याने मिटला नाही. चुकीच्या भाषांतराने तो निर्माण केला नव्हता, फक्त वर आणला होता. थोरल्यांना त्या घरात वाटा नको होता, आपण दिलेला तांदूळ आणि पैसा कोणीतरी मान्य करावा एवढेच हवे होते. धाकटे ते कागदावर लिहून द्यायला कचरत होते, कारण त्याचा पुढे कोण काय अर्थ काढेल याची आता त्यांनाही भीती बसली होती. अखेर ते त्यांनी वकिलांसमोर तोंडी मान्य केले. विहिरीजवळचे शेत देण्यामागे हेही एक कारण असावे, असा माझा अंदाज आहे.

मुलीचे समाधान पूर्ण झाले नाही. ‘येणेजाणे कमी होत गेले’ हे खरे आहे, पण तिला जे वाटते त्याचा अर्धाच भाग त्यात येतो, असे तिचे म्हणणे होते. ते बरोबर आहे. ‘ड्रिफ्टेड अपार्ट’मध्ये भेटी कमी होण्याबरोबर मनानेही लांब जाणे येते, आणि तेवढी छटा आम्ही जाणूनबुजून सोडली. जमिनीच्या कागदासाठी ते योग्यच होते असे मला वाटते. तिच्या पत्रात तेच वाक्य आले असते तर मी ‘अंतर पडत गेले’ हेच ठेवले असते.

वेगळे काय करता आले असते

टिपण लिहिण्यापूर्वी वकिलांनी हकिगतीत काय हवे आणि काय नको ते सांगितले असते, तर हे वाक्य लिहिलेच गेले नसते. नातेसंबंधांचे वर्णन करणारी इंग्रजी जोडक्रियापदे अशा कागदात धोक्याची असतात, कारण रोजच्या इंग्रजीत ती निरुपद्रवी असतात आणि लिहिणाऱ्याला त्यांत काही जोखीम दिसत नाही.

अ‍ॅप वापरूच नये असे म्हणण्यात अर्थ नाही; गावात ते वापरले जाणारच. थोरल्यांच्या मुलाने तेच वाक्य कन्नडमध्येही काढून पाहिले असते तरी उपयोग झाला असता का, याबद्दल मला शंका आहे, कारण कारकुनासारख्या माणसानेही ‘बेरेयादरु’च लिहिले. फोन करून पुतणीला विचारणे अधिक सोपे होते, आणि ते न घडण्याचे कारण भाषेत नव्हते. दोन्ही घरांत एकमेकांना सहज फोन करण्याची सवयच उरली नव्हती.

माझ्या कामाच्या क्रमाबद्दलही एक मुद्दा राहतो. मी आधी धाकट्यांशी, मग मुलीशी आणि शेवटी थोरल्यांशी बोललो. ज्याचा आक्षेप होता त्याचे म्हणणे सर्वांत आधी ऐकले असते, तर घराचा प्रश्न लवकर पुढे आला असता आणि वकिलांना दोन्ही गोष्टी एकाच बैठकीत घेता आल्या असत्या. कन्नड मसुदा दोघा भावांना एकत्र बसवून मोठ्याने वाचून दाखवण्याची पद्धत त्या कार्यालयात होती, पण ती नोंदणीच्या आदल्या दिवशी पाळली जाई. कच्च्या मसुद्याच्या वेळीच ती पाळली असती, तर ‘बेरेयादरु’वर थोरल्यांनी तिथेच बोट ठेवले असते आणि पंचांचा प्रश्न धाकट्यांच्या समोरच विचारला गेला असता.